डावा हात थरथरतो, मग गेटच्या डाव्या खांबाचा अंदाज का चुकतो? पार्किन्सन्स आणि मेंदूच्या दोन बाजू

आजचा विषय नेहमीपेक्षा वेगळा आहे आणि आमच्या घरातला आहे. पण यात सेन्सर आहे, सिग्नल आहे, वायरिंग आहे, आणि चुकीची गोष्ट मन लावून मोजणारा एक इंजिनिअरही आहे. तो मीच.

आम्ही मुळशी तालुक्यातल्या लवळ्याचे. पुण्यातल्या लोकांना लवळे म्हटलं की डोंगरावरचं सिंबायोसिस आठवतं. आमचं घर खाली गावात. मी हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, पिरंगुटच्या एका कारखान्यात फिटर होते. लोखंडाच्या पट्टीकडे नुसतं बघून "दोन सूत कमी आहे" असं सांगणारा माणूस. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३ मिलिमीटर. वर्कशॉपमध्ये अजूनही हे माप चालतं.)

अडीच वर्षांपूर्वी त्यांचा डावा हात थरथरायला लागला. टीव्ही बघताना मांडीवर ठेवलेला हात आपोआप हलायचा. चालताना उजवा हात मागेपुढे व्हायचा, डावा अंगाला चिकटलेला. न्यूरॉलॉजिस्टनी तपासून पार्किन्सन्स असल्याचं सांगितलं आणि गोळ्या सुरू झाल्या.

मी काय मोजत होतो?

घरात कुणाला आजार झाला की प्रत्येक जण आपल्याला जे येतं ते करतो. आईनं पथ्यपाणी सुरू केलं, मी कोड लिहायला बसलो.

प्रत्येक स्मार्टफोनमध्ये ॲक्सेलरोमीटर असतो. फोन तीन दिशांना किती जोरात हलतोय हे तो सेकंदाला अनेकदा नोंदवतो. मी सेकंदाला १०० नोंदी घेत होतो. अण्णांच्या मनगटाला रुमालानं फोन बांधायचा, हात मांडीवर ठेवायला सांगायचं आणि मिनिटभर रेकॉर्डिंग करायचं. मग त्या आकड्यांवर फुरिये ट्रान्सफॉर्म चालवायचा. हे गणित एखाद्या गुंतागुंतीच्या लाटेत कोणकोणत्या वेगाची कंपनं मिसळली आहेत ते वेगळं काढून दाखवतं. पार्किन्सन्समध्ये हात स्वस्थ असताना होणारा कंप साधारण ४ ते ६ हर्ट्झचा असतो, म्हणजे सेकंदाला चार ते सहा वेळा. अण्णांच्या डाव्या हाताच्या आलेखात ५ च्या आसपास स्पष्ट उंचवटा दिसायचा. उजव्या हाताचा आलेख जवळजवळ सपाट.

गोळ्या लागू पडल्या तसा तो उंचवटा खाली आला. मी खूश. दर रविवारी रंगीत आलेख काढून घरच्या ग्रुपवर टाकायचो.

अशाच एका रविवारी अण्णांनी स्कूटर घरात घेताना गेटच्या डाव्या खांबाला धडकवली. तिसऱ्यांदा. त्याआधी डावा आरसा गेला होता, डाव्या बाजूचं पॅनेल घासलं होतं. घरातून बाहेर पडताना डावा खांदा चौकटीला लागायचा. आम्ही सगळे म्हणायचो, "अण्णा, लक्ष कुठंय तुमचं?" ते चिडायचे. हा माणूस सुताचा हिशेब नजरेनं करणारा, त्याला कुणी लक्ष नाही म्हटलेलं कसं चालेल?

त्या दिवशी मी नेमका आलेख दाखवत होतो. आई म्हणाली, "अरे, तुझ्या त्या आलेखात ह्यांचा खांब कुठं दिसतो ते दाखव मला."

दिसत नव्हता. कारण मी फक्त कंप मोजत होतो.

आजार एका बाजूनं का सुरू होतो?

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजारावर पहिला सविस्तर निबंध लिहिला. हा आजार बहुतेक वेळा एका हातापासून सुरू होतो हे त्यांनी तेव्हाच नोंदवलं होतं. पण त्याच निबंधात, रुग्णाची बुद्धी आणि ज्ञानेंद्रियं शाबूत राहतात असंही त्यांनी लिहिलं. पहिली गोष्ट बरोबर निघाली. दुसरी पूर्ण बरोबर नव्हती, पण ती समजूत पुढे फार काळ टिकली.

मेंदूच्या देठाच्या वरच्या भागात, उजवीकडे एक आणि डावीकडे एक, असे दोन काळसर पट्टे असतात. त्यांना सबस्टॅन्शिया नायग्रा म्हणतात. इथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात आणि मेंदूच्या आतल्या स्ट्रायटम या भागाला पुरवतात. पार्किन्सन्समध्ये या पेशी हळूहळू मरतात. हाताचा कंप दिसायला लागतो तोवर त्यातल्या बऱ्याच गेलेल्या असतात. दोन्ही बाजूंच्या पेशी सारख्या वेगानं जात नाहीत. एक बाजू पुढे असते, दुसरी मागून येते. असं का होतं याचं पक्कं उत्तर अजून मिळालेलं नाही. पुढे आजार दोन्ही बाजूंना पसरला तरी सुरुवातीची बाजू बहुधा जास्त त्रासाचीच राहते.

आता वायरिंग बघा. मेंदूचा उजवा भाग शरीराची डावी बाजू चालवतो आणि डावा भाग उजवी, कारण हालचालीच्या बहुतेक वायरी खाली उतरताना एकमेकींना ओलांडतात. म्हणजे अण्णांचा डावा हात थरथरतो तेव्हा डोपामिन जास्त कमी पडलेलं असतं ते मेंदूच्या उजव्या बाजूला.

हात आणि विचार यांचा काय संबंध?

माझा गोंधळ इथेच झाला होता. मला वाटायचं, डोपामिन म्हणजे हालचालीचं रसायन. कमी पडलं की हात थरथरणार, पाय जड होणार, इतकंच.

प्रत्यक्षात स्ट्रायटम हे एका कामाचं यंत्र नाही. १९८६ मध्ये अलेक्झांडर, डिलाँग आणि स्ट्रिक या शास्त्रज्ञांनी मांडणी केली की मेंदूच्या पुढच्या भागातून स्ट्रायटमकडे आणि तिथून परत अशी अनेक मंडलं समांतर चालतात. एक मंडल हालचालीचं, एक डोळ्यांच्या हालचालीचं, काही नियोजन, लक्ष आणि भावना यांची. कॉम्प्युटरमध्ये एकाच पॉवर सप्लायवर पंखा, डिस्क आणि मदरबोर्ड चालतो, तसं समजा. सप्लाय कमकुवत झाला की आधी पंख्याचा आवाज बदलतो आणि आपण पंखाच बदलत बसतो. डिस्कलाही वीज कमी पडतेय हे नंतर कळतं.

पार्किन्सन्समध्ये सुरुवातीला हालचालीच्या मंडलाला डोपामिन सगळ्यात जास्त कमी पडतं, म्हणून कंप आधी दिसतो. लक्ष आणि नियोजनाच्या मंडलांना झळ कमी लागते, पण लागते. आणि ज्या बाजूला पेशी जास्त गेल्या, त्या बाजूच्या मंडलांना जास्त लागू शकते.

मेंदूच्या दोन बाजूंची कामं काही प्रमाणात वेगळी आहेत. बहुतेक उजव्या हाताच्या लोकांमध्ये भाषेचं बरंचसं काम डावी बाजू करते. जागेचा अंदाज, वस्तू मनातल्या मनात फिरवून बघणं, आजूबाजूच्या जागेवर, त्यातही डावीकडे, लक्ष ठेवणं यात उजव्या बाजूचा वाटा मोठा असतो.

यावरून साधा प्रश्न निघतो. डाव्या हातापासून आजार सुरू झालेल्यांना जागेचा अंदाज जास्त अवघड जातो का? आणि उजवीकडून सुरू झालेल्यांना शब्दांचं काम?

संशोधन काय सांगतं?

१९९३ मध्ये टोमर, लेव्हिन आणि वाइनर यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बौद्धिक चाचण्यांच्या संचात, डावीकडून आजार सुरू झालेल्यांची कामगिरी उजवीकडून सुरू झालेल्यांपेक्षा कमी भरली. त्यानंतर अनेकांनी हाच प्रश्न तपासला.

एक चाचणी फार सोपी आहे. कागदावर आडवी रेघ असते. पट्टी न वापरता तिचा बरोबर मध्य दाखवायचा. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डाव्या बाजूला त्रास असलेल्या रुग्णांची खूण मध्याच्या उजवीकडे सरकलेली दिसली. म्हणजे रेघेचा डावा भाग त्यांच्या हिशेबात थोडा कमी धरला जात होता. अशाच इतर अभ्यासांत दारातून आपण मावू का याचा अंदाज, चालताना एका बाजूला कलणं, चौकटीला लागणं या गोष्टी तपासल्या गेल्या. बॉस्टन विद्यापीठातल्या ॲलिस क्रोनिन-गोलोम्ब यांच्या गटानं यावर बरंच काम केलं आहे.

उजवीकडून सुरुवात झालेल्यांत काही अभ्यासांना शब्दांची यादी लक्षात ठेवणं आणि एका मिनिटात एखाद्या अक्षरावरून जास्तीत जास्त शब्द सांगणं यांत अडचण दिसली. घरात हे कसं दिसेल? माणूस बोलताना शब्दासाठी अडतो, "ते हे... ते आपलं..." करतो, आणि आपण अधीर होऊन त्याचं वाक्य पूर्ण करून टाकतो.

पण थांबा, निष्कर्ष काढायची घाई नको

मी स्वतः ही घाई केली होती, म्हणून हा भाग नीट वाचा.

एक, सगळे अभ्यास एकसारखं सांगत नाहीत. काहींना दोन बाजूंत फरक सापडला, काहींना सापडला नाही. जागेच्या अंदाजाबद्दलचा पुरावा त्यातल्या त्यात बरा आहे, शब्दांबद्दलचा कमी पक्का.

दोन, हा फरक गटांच्या सरासरीतला आहे. समजा लवळ्याहून हिंजवडीला नांदे मार्गे सरासरी पाच मिनिटं कमी लागतात. म्हणून आज, आत्ता, नांदे मार्गेच लवकर पोचाल असं होतं का? एखादा डंपर बंद पडला की संपलं. तसंच डावा हात थरथरणाऱ्या कितीतरी लोकांचा जागेचा अंदाज उत्तम असतो. बाजू ही खूण आहे, भविष्य नाही.

तीन, चाचणीच फसवू शकते. लिहिता हात थरथरत असेल तर चित्र वाकडं येणारच. तो हाताचा दोष की नजरेच्या अंदाजाचा हे वेगळं करावं लागतं. मोतीबिंदू, काचबिंदू, चुकीचा चष्मा यांनीही माणूस खांबाला धडकतो.

चार, बुद्धीवरच्या परिणामात वय आणि आजाराला किती वर्षं झाली हे बाजूपेक्षा मोठे मुद्दे आहेत. ज्यांना कंप हेच मुख्य लक्षण आहे त्यांच्यापेक्षा ज्यांचा तोल आणि चाल लवकर बिघडते त्यांना धोका जास्त असतो.

आणि औषधांचा मुद्दा. डोस हाताच्या हालचालीकडे बघून ठरतो. जिथे डोपामिन फारसं कमी झालेलंच नाही अशा मंडलांना तोच डोस कधी जास्त होऊ शकतो, त्यामुळे काही बौद्धिक कामं सुधारतात तर काही बिघडू शकतात. कंपासाठी दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिलसारखी जुनी औषधं वयस्कर लोकांच्या स्मरणावर परिणाम करू शकतात. याचा अर्थ गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या असा मुळीच नाही, अचानक बंद करणं धोक्याचं असतं. अर्थ इतकाच की डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांची यादी न्या आणि हाताबरोबर विचार, लक्ष, विसरणं याबद्दलही सांगा.

आमच्याकडे काय झालं?

खांबाच्या तिसऱ्या धडकेनंतर आम्ही डॉक्टरांना पहिल्यांदा हे सगळं सांगितलं. आधी का नाही सांगितलं? कारण आम्हाला ते लक्षण वाटलंच नव्हतं, वेंधळेपणा वाटला होता. त्यांनी आधी डोळे तपासून घ्यायला लावले. डोळे ठीक निघाले. मग घड्याळ काढायला लावलं, शब्द विचारले, रेघांचा कागद दिला. शब्दांत अण्णा झकास. रेघांवर त्यांनी उजव्या हातानं, जो थरथरत नाही, न थांबता खुणा केल्या.

खुणा उजवीकडे सरकलेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, एवढ्यावरून निदान होत नाही, पण गाडीच्या डाव्या बाजूच्या खुणांशी हे जुळतं, तेव्हा काळजी घ्या. अण्णांनी तो कागद मागून घरी आणला. संध्याकाळी ट्रंकेतून आपली स्टीलची पट्टी काढली आणि एकेक रेघ मोजली.

"तीन सूत," ते म्हणाले. मग परत मोजलं. "हे मी केलंय?"

मी म्हणालो, "अण्णा, ही तुमची चूक नाही. डाव्या हाताचं जे कारण आहे, तेच याचंही असू शकतं."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माप चुकतंय तर मशिन चालवायचं नाही. कारखान्यात आम्ही हेच शिकवायचो पोरांना."

स्कूटरची किल्ली त्यांनी खिळ्याला लावली. एवढ्यानं सगळं सुरळीत झालं असं नाही. ज्याला रोज पिरंगुटला चक्कर मारायची सवय, त्याला "मला सोड" असं मुलाला म्हणावं लागणं सोपं नाही. आजही कधीकधी ते किल्ली काढून हातात धरतात आणि परत ठेवतात. पण त्या दिवसापासून आमच्या घरात "लक्ष कुठंय तुमचं" हे वाक्य कुणी बोललेलं नाही. मला विचाराल तर गोळ्यांनंतर सगळ्यात मोठा फरक त्यानं पडला.

तुमच्या घरी कुणी असेल तर

नोंद ठेवा, पण नुसत्या कंपाची नको. कोणत्या बाजूला धडक लागते, ओळखीच्या रस्त्यावर चुकतात का, शब्द अडतो का, गोळीची वेळ विसरते का, दिवसातल्या कोणत्या वेळी जास्त होतं, हे साध्या वहीत तारखेसह लिहा. २०१५ मध्ये आयफोनसाठी एमपॉवर नावाचं संशोधनाचं ॲप आलं होतं. त्यात बोटांच्या टिचक्या, आवाज आणि चालण्याबरोबर स्मरणाचाही एक खेळ होता. त्यांनी पहिल्या दिवसापासून जे धरलं ते मी विसरलो होतो.

रेघेची चाचणी घरी करून निदान करत बसू नका. माझा आलेख काय किंवा तो कागद काय, डॉक्टरांशी बोलायला निमित्त म्हणून चांगले, त्यांच्या जागी नाहीत.

गाडीचा विषय लवकर काढा, आणि दोष न देता काढा. गाडी चालवणं सुरक्षित आहे का हे डॉक्टरांना थेट विचारा.

घरातली डावी बाजू (किंवा जी अडचणीची असेल ती) मोकळी ठेवा. स्टूल, चपला, पाण्याची कळशी वाटेतून हलवा. चौकटीच्या कडेला ठळक रंगाची पट्टी लावा. शब्द अडत असेल तर थांबा, वाक्य त्यांचं त्यांना पूर्ण करू द्या. चालताना एकाच वेळी गप्पा आणि हातात सामान असं नको.

आणि एकटे राहू नका. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा रुग्ण आणि घरच्यांचा आधारगट बऱ्याच वर्षांपासून काम करतोय. ११ एप्रिल हा जेम्स पार्किन्सन यांचा जन्मदिवस जागतिक पार्किन्सन्स दिन म्हणून पाळतात. नृत्यकार हृषीकेश पवार यांनी पुण्यात पार्किन्सन्स असलेल्यांसाठी नृत्याचे वर्ग घेतले आहेत. नाचताना तोल, ताल, डावं-उजवं आणि शेजारच्याचं अंतर हे सगळं एकदम सांभाळावं लागतं, त्यामुळे ही कल्पना मला विशेष पटते. अण्णांना नाचाचं नाव काढलं की हसू येतं, पण सकाळचं चालणं त्यांनी सोडलेलं नाही.

माझा प्रोग्रॅम अजून चालू आहे. आता त्यात दोन रकाने आहेत. एकात कंपाचा आकडा आणि दुसऱ्यात आईनं सांगितलेली दिवसाची हकिगत, तिच्याच शब्दांत. डॉक्टर दुसरा रकाना आधी वाचतात.

गेटच्या डाव्या खांबाला अण्णांनी स्वतः पिवळी पट्टी मारली आहे. थोडी तिरकी लागली आहे. मी ती सरळ केलेली नाही.